हजेरीपटावर तिचे नाव

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आजच्या विषयाचे नाव काहीसे रुक्ष आहे. कामाच्या ठिकाणी स्त्री-पुरुष समता आहे की नाही, याची माहिती सरकारने कशी गोळा करावी, हा तो विषय. नोंदवह्या आणि विवरणपत्रे यांत रस घेणारा माणूस अर्थशास्त्राचा जुना मास्तरच असणार, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. परंतु दादाभाई नौरोजींनी इंग्रजी राज्यावरील आरोप सरकारच्याच आकड्यांच्या आधारे सिद्ध केला, हे आपण विसरू नये. राज्यकर्ते काय मोजतात यावरून त्यांना काय पाहावयाचे आहे ते कळते. काय मोजत नाहीत, यावरून बाकीचे कळते.

उदाहरण आपल्या घराजवळचे घेऊ. दरवर्षी हंगाम सुरू झाला की बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून ऊसतोडणीसाठी माणसे बाहेर पडतात. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला. कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक. एकटा माणूस असेल तर तो ‘अर्धा कोयता’. ऊस तोडणे, पाला काढणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून गाडीत भरणे हे काम दोघांचे. त्याआधीचा पहाटेचा स्वयंपाक आणि पाणी मात्र तिच्या एकटीचे. मजुरी टनावर ठरते, उचलीचा व्यवहार बहुधा नवऱ्याच्या नावावर होतो, आणि एक दिवस चुकला तर खाडा दोघांच्या हिशेबात पडतो. आता मला सांगा, या बाईची रोजची मजुरी किती? याचे उत्तर कोणताही अर्थशास्त्रज्ञ देऊ शकणार नाही. कारण तिची वेगळी मजुरी कोणत्याही वहीत लिहिलेलीच नाही.

2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि त्यानंतर या स्त्रियांची गावोगाव पाहणी झाली. मजूर म्हणून जी बाई कोठेच मोजली गेली नव्हती, ती अखेर रुग्ण म्हणून मोजली गेली. माहिती गोळा करण्याचा प्रश्न जीवनमरणाचा कसा होतो, हे यावरून ध्यानात यावे.

थोडे मागे जाऊ. भारतातील स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या समितीने ‘समानतेकडे’ हा अहवाल 1974 च्या अखेरीस पूर्ण केला. पुढच्या वर्षी, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्त्री-वर्षात, समान वेतनाचा अध्यादेश निघाला आणि 1976 मध्ये त्याचा कायदा झाला. तेव्हा आणीबाणी चालू होती; आपल्या चळवळीतील ज्येष्ठ तुरुंगात होते. म्हणून या कायद्याविषयी आपल्या मनात थोडी अढी राहिली असेल. तरीही त्यातील एक तरतूद मोलाची होती. कामाचा प्रकार, त्यावरील पुरुषांची संख्या, स्त्रियांची संख्या आणि वेतनाचा दर यांची नोंदवही ठेवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली होती. विषमता सिद्ध करण्याचे साहित्य मालकाने स्वतःच्या हाताने लिहून ठेवावे, असा तिचा अर्थ होता.

अशा नोंदींचे महत्त्व मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासावरून कळते. एके काळी या गिरण्यांतील कामगारांत स्त्रियांचा वाटा लक्षणीय होता. पुढे तो घटत गेला. हे आपण आज ठामपणे सांगू शकतो, कारण कारखान्यांच्या सरकारी विवरणांत पुरुष, स्त्रिया व मुले यांची संख्या वेगवेगळी द्यावी लागे. तो एक रकाना नसता, तर हजारो बायांच्या हातचे काम गेल्याचा पुरावाही उरला नसता.

मग 1976 च्या नोंदवहीने काय साधले? प्रामाणिकपणे सांगायचे तर फार थोडे. कायद्याचा निकष ‘तेच काम किंवा तशाच स्वरूपाचे काम’ असा होता. त्यातून पळवाट निघाली ती कामाच्या नावाची. बायांच्या कामाला वेगळे नाव द्यावे, त्या वर्गात बायाच ठेवाव्यात, म्हणजे तुलनेला पुरुषच उरत नाही. शेतात खुरपणी बाईची आणि नांगरट पुरुषाची. दोन्हींचे दर निराळे, आणि वही मात्र निर्दोष!

या पळवाटेला सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकॉस्टा या खटल्यात उत्तर दिले. मुंबईतील या कंपनीत स्त्री लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन मिळत होते. आर्थिक ऐपत नाही ही सबब कंपनीने पुढे केली. न्यायालयाने ती मानली नाही. परंतु या खटल्यातील एक गोष्ट आपल्याला टोचली पाहिजे. ज्या वेतनश्रेणींमुळे ही विषमता आली, त्या कामगार संघटनेशी झालेल्या 1975 च्या करारात ठरल्या होत्या. अशा करारामुळे कायद्याचा भंग क्षम्य होत नाही, असे न्यायालयाला सांगावे लागले. तेव्हा दोष केवळ मालकांचा आणि सरकारचा नाही. आपल्या संघटनांनीही ती वही कधी मागितली नाही.

आता 1976 चा तो कायदा उरलेला नाही. 2019 ची वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आणि समान वेतन कायदा तिच्यात विलीन झाला. लिंगभेदावरून वेतनात फरक करण्यास संहितेतही मनाई आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु तपशील पाहा. जुन्या कायद्याखालील सल्लागार समितीत निम्म्या स्त्रिया असणे बंधनकारक होते. संहितेच्या सल्लागार मंडळात एक तृतीयांश पुरेशा आहेत. शेतकामासाठी किंवा घरकामासाठी पाचपर्यंत माणसे ठेवणाऱ्या मालकाला नोंदवहीतून सूट आहे. घरकामाला जाणाऱ्या आपल्या बहिणी याच कलमात वगळल्या गेल्या. निरीक्षकाला आता ‘सुलभकर्ता’ ही पदवीही जोडली आहे. तो कोणाचे काम सुलभ करणार, हे काळ ठरवील.

दुसरीकडे, माहितीचा तुटवडा आहे असेही म्हणता येत नाही. ई-श्रम पोर्टलवर 2021 पासून तीस कोटींहून अधिक असंघटित कामगारांची नोंद झाली. त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. परंतु ही नोंद मजुराने स्वतःची करावयाची. तिला राबवून घेणारा कोण आणि तो काय देतो, याचे उत्तर मालकाकडून घेतले जात नाही. पुराव्याचे ओझे 1976 मध्ये मालकाच्या खांद्यावर होते, ते अलगद मजूर बाईच्या डोक्यावर आले.

राष्ट्रीय श्रमबल पाहणीनुसार पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता. 2023-24 मध्ये तो 41.7 टक्के झाला. या आकड्याचा मोठा गाजावाजा झाला. परंतु काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्त्रिया घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदतनीस आहेत. त्यांची गणना झाली हे योग्यच. तिला रोजगारवाढ म्हणणे योग्य नव्हे.

शेअर बाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना 2022-23 पासून स्त्री-पुरुषांची संख्या आणि दोघांच्या वेतनाचा मध्यांक जाहीर करावा लागतो. ही पद्धत ‘सेबी’ने गुंतवणूकदारांच्या सोयीसाठी आणली. म्हणजे भांडवल गुंतवणाऱ्याला जे कळण्याचा हक्क आहे, तो उसाच्या फडातील बाईला नाही! ब्रिटनमध्ये 2017 पासून अडीचशे किंवा अधिक नोकर असलेल्या मालकांना वेतनातील तफावत प्रसिद्ध करावी लागते. ऑस्ट्रेलियात 2024 पासून शंभर व त्याहून अधिक नोकर असलेल्या खासगी मालकांची तफावत नावानिशी प्रसिद्ध होऊ लागली. तेथेही सरासरीच्या आड पुष्कळ लपते. तरी मालकाचे नाव आणि त्याचा आकडा सर्वांसमोर येतो, एवढे तत्त्व घेण्यासारखे आहे.

आणि सरकार स्वतः काय करते? आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका यांना ते ‘मानधन’ देते. त्या कर्मचारी नाहीत, त्यामुळे सरकारी नोकरांच्या वेतनाच्या कोष्टकात त्या नाहीत. लाखो स्त्रियांना राबवून घेणारा मालक स्वतःच्या वहीतून त्यांना वगळतो, तो साखर कारखान्याला आणि मुकादमाला कोणत्या तोंडाने जाब विचारणार?

काही साथी म्हणतील, आकड्यांनी कोणाची चूल पेटत नाही. खरे आहे. वही ही लढ्याची जागा घेऊ शकत नाही. परंतु वहीवाचून केलेली मागणी ‘तुमचे म्हणणे’ ठरते आणि वहीसकट केलेली मागणी हिशेब ठरते. माहिती मिळाली की समता येईल, असा भाबडा विश्वास मी बाळगत नाही. मालक माहिती लपवतो याचाच अर्थ ती त्याला अडचणीची आहे, एवढे मला पुरते.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. कोयत्याची उचल आणि मजुरी स्त्री-पुरुषांच्या वेगवेगळ्या नावांवर लिहिली जावी, आणि त्या नोंदीस मुकादमाबरोबर कारखानाही जबाबदार असावा. कामाचा प्रकार, दर आणि संख्या यांची नोंदवही कामगारांना व त्यांच्या संघटनांना पाहता यावी. कोणा एकीचे खासगी जीवन उघडे न करताही हे करता येते. घरकामाची सूट रद्द व्हावी. आशा आणि अंगणवाडी सेविकांची गणना कर्मचारी म्हणून व्हावी.

सरकार हे उद्या करील असे नाही. तोवर पुढच्या हंगामात आपणच फडावर वही घेऊन जाऊ या. एका टोळीतील प्रत्येक बाईचे नाव, तिच्या कामाचे तास, टनेज, उचल आणि खाडा एवढे लिहून काढले, तरी प्रारंभ झाला. डॉ. लोहियांनी सप्तक्रांतीत नर-नारी समतेला स्थान दिले, याचा आपण सभांतून अभिमानाने उल्लेख करतो. त्या समतेची एक साधी कसोटी आहे. ऊस दोघांनी तोडला असेल, तर हजेरीपटावर नावेही दोन हवीत.