पोटदुखी, रक्ततपासणी आणि वेळेचे भान

(चाकण परिसरातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



१२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी महात्मा गांधींवर आंत्रपुच्छाची, म्हणजे आपण ज्याला अपेंडिक्स म्हणतो त्याची, शस्त्रक्रिया केली. गांधीजी तेव्हा येरवडा कारागृहात होते. दुखणे वाढल्यामुळे त्यांना त्याच दिवशी रुग्णालयात हलविण्यात आले होते. शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. त्या काळी सोनोग्राफी नव्हती, प्रतिजैविकेही नव्हती. पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ मध्ये, आणि ते औषध आपल्या देशात तयार करण्यासाठी पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली १९५४ मध्ये. तरीही गांधीजी वाचले, कारण निर्णय वेळेवर झाला.

आज निगडीपासून चाकणपर्यंत जागोजागी रक्त तपासून मिळते. ही मोठीच सोय आहे. परंतु तिच्यामुळे एक नवा धोकाही निर्माण झाला आहे, आणि त्याविषयीच आज बोलावयाचे आहे.

समजा, गावाकडून आलेला, चौघांच्या खोलीत राहणारा एक तरुण कामगार आहे. रात्रपाळीत त्याच्या बेंबीभोवती दुखू लागते. दोन-तीन तासांतच तो रक्त तपासून घेतो. अहवालात सारे आकडे ठीक असतात. 'रिपोर्ट नॉर्मल आहे' एवढे ऐकून तो वेदनाशामक गोळी घेतो व दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जातो. यात चूक अहवालाची नाही. तो वाचण्याच्या पद्धतीची आहे.

आंत्रपुच्छास सूज आली की शरीर प्रतिकारासाठी सज्ज होते. रक्तातील पांढऱ्या पेशी वाढतात. प्रौढ माणसात एका घन मिलिमीटरमध्ये त्या साधारणतः ४,००० ते ११,००० असतात. या आजारात बहुधा त्याहून अधिक होतात व त्यांतील न्यूट्रोफिल नावाच्या पेशींचे प्रमाण चढते. दुसरी खूण सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन या द्रव्याची. याचा शोध १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या अभ्यासातून लागला. दाह सुरू झाल्यावर यकृत हे द्रव्य रक्तात सोडते. परंतु त्याची वाढ दिसू लागण्यास साधारण सहा ते बारा तास जातात व ते शिखर गाठते सुमारे दोन दिवसांनी. म्हणून पहिल्या काही तासांतील अहवाल निर्दोष आला तरी आजार नाही असे सिद्ध होत नाही. काही तासांनी पुन्हा पोट तपासणे व आवश्यक तर रक्तही पुन्हा पाहणे हाच खरा मार्ग होय.

उलटपक्षी, आकडा वाढला म्हणजे अपेंडिक्सच, असेही नाही. न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग, अशा कितीतरी कारणांनी हे आकडे वाढतात. गर्भवती स्त्रीच्या पांढऱ्या पेशी तर एरवीही अधिक असतात.

मग रक्ताला महत्त्व किती द्यावे? डॉ. अल्फ्रेडो अल्वाराडो यांनी १९८६ मध्ये मांडलेली दहा गुणांची पद्धती येथे उपयोगी पडते. तीत दुखणे बेंबीकडून उजव्या बाजूस खाली सरकणे, अन्नावरची वासना जाणे, मळमळ, ताप आणि हाताने तपासताना आढळणारी लक्षणे यांना मिळून सात गुण आहेत. रक्ताच्या वाट्याला आहेत तीन. शिक्षकमंडळींना सांगावयास नको की केवळ तीन गुणांच्या प्रश्नावरून कोणी निकाल लावत नाही. शंका उरल्यास सोनोग्राफी अथवा सी. टी. स्कॅन यांचे साहाय्य घेतले जाते.

रक्ताचा विशेष उपयोग होतो तो गुंतागुंत ओळखण्यासाठी. उपचार लांबले तर आंत्रपुच्छ फुटते, पू होतो, गळू धरते किंवा दाह संपूर्ण उदरपोकळीत पसरतो, आणि साधे दुखणे जिवावर बेतते. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन फार वाढणे, बिलिरुबिन चढणे, सोडियम उतरणे, प्रोकॅल्सिटोनिन वाढणे या खुणा डॉक्टरांना त्या दिशेने सावध करतात. लवकर आलेल्या काही निवडक रुग्णांना रुग्णालयाच्या देखरेखीखाली केवळ प्रतिजैविकांनीही बरे करता येते, मात्र त्यांतील काहींना दुखणे पुन्हा उद्भवते. फुटल्यावर आलेल्या रुग्णाचा मार्ग अधिक खडतर असतो.

आपण वैद्य नाही, मीही नाही. तथापि चार गोष्टी आपल्या हाती आहेत. पहिली, दुखणे किती वाजता सुरू झाले आणि रक्त किती वाजता घेतले, हे कागदावर लिहून रुग्णासोबत द्यावे. दुसरी, पोट चोळणे, जुलाब देणे, मनाने वेदनाशामक घेणे यांस मज्जाव करावा. तिसरी, दुखणे उजवीकडे खाली स्थिरावले, ताप आला वा पोट कडक झाले, तर अहवालाची वाट न पाहता रुग्णाला हलवावे. चाकणचे ग्रामीण रुग्णालय, चिंचवडच्या मोहननगरातील राज्य कामगार विमा रुग्णालय आणि पिंपरीचे महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आपल्या परिसरात आहेत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. चौथी, शाळेत पोट धरून बसलेले मूल आणि पाळी बुडेल म्हणून दुखणे लपविणारा कामगार, या दोघांकडेही विशेष लक्ष असावे. हा आजार कोणत्याही वयात होतो, पण शाळकरी मुले व तरुण यांच्यात तो अधिक आढळतो.

आपापल्या ग्रामसभेत, शाळेत व वस्तीत ही माहिती आपण पोहोचवावी, एवढीच विनंती करतो. अहवाल ठीक असूनही दुखणे थांबत नसेल, तर रुग्णाला त्याच दिवशी पुन्हा डॉक्टरांकडे न्यावे.