उदासीन न्यूट्रॉनचे अंतरंग

(शेलार, ता. भिवंडी येथे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे संक्षिप्त शब्दांकन)



काळ्या व पांढऱ्या धाग्यांनी विणलेले कापड दुरून राखाडी दिसते. सूत राखाडी नाही, हे यंत्रमागांच्या या परिसरात सांगायला नको. भिंग लावले की धागे वेगळे दिसू लागतात. न्यूट्रॉनचेही तसेच आहे. जेम्स चॅडविक यांनी १९३२ साली त्याचा शोध लावला. त्याचा विद्युतभार शून्य, म्हणून तो ‘उदासीन’. पाठ्यपुस्तक येथे थांबते आणि दुर्दैवाने विद्यार्थीही.

परंतु १९४० साली अल्वारेझ व ब्लॉख यांनी न्यूट्रॉनचे चुंबकत्व थेट मोजले. भाररहित, बिंदुवत कणाला असे चुंबकत्व शोभत नाही. याचा अर्थ, आत धन आणि ऋण असे दोन्ही भार नांदत असून केवळ त्यांची बेरीज शून्य येत असली पाहिजे. आज आपण त्यांना क्वार्क म्हणतो: एकावर अधिक दोन-तृतीयांश, उरलेल्या दोघांवर प्रत्येकी उणे एक-तृतीयांश भार.

हे भार पसरले आहेत कसे? त्यासाठी लागणारे भिंग म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन. त्याला स्वतःची अंतर्रचना असल्याचे आजवर आढळलेले नाही आणि ऊर्जा वाढवावी तसतसे बारकावे उमटतात. स्टॅनफर्ड येथे रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी १९५०च्या दशकात प्रोटॉनवर इलेक्ट्रॉन सोडले. बिंदुवत लक्ष्यावरून कोणत्या कोनात किती इलेक्ट्रॉन विखुरतील, याचे गणित ठाऊक होते. प्रत्यक्षात मोठ्या कोनांत ते कमी आले. त्या तुटीवरून प्रोटॉनचा विस्तार कळला. एका मिलिमीटरचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागाहूनही त्याची त्रिज्या थोडी कमी भरते! या कार्यासाठी १९६१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

न्यूट्रॉनपाशी मात्र गाडे अडते. अणुकेंद्राबाहेर तो सरासरी पंधरा मिनिटेही टिकत नाही. त्याचे लक्ष्य बनवायचे कसे? म्हणून ड्युटेरियम घ्यायचे, ज्याच्या केंद्रात एक प्रोटॉन व एक न्यूट्रॉन असतो. (अलिबागजवळ थळ येथे तयार होणाऱ्या जड पाण्यातला हायड्रोजन तो हाच.) एकूण विखुरणातून प्रोटॉनचा वाटा वजा करायचा. ही वजाबाकी दिसते सोपी, पण फसवी आहे. दोन्ही कण एकमेकांना बांधलेले आणि सतत हलते. त्यात न्यूट्रॉनचा विद्युतीय वाटा इतका क्षीण, की प्रोटॉनच्या हिशेबातली लहानशी चूकही तो गिळून टाकते.

यावरचा तोडगा मला विशेष भावतो. इलेक्ट्रॉनांची फिरक एका दिशेला लावायची, लक्ष्याचीही लावायची आणि धक्क्याने बाहेर पडलेला न्यूट्रॉन त्याच क्षणी टिपायचा. हेलियम-३ मध्ये दोन प्रोटॉनांच्या फिरकी बहुतांशी परस्परांना निष्प्रभ करतात, त्यामुळे एकट्या न्यूट्रॉनची फिरक उरते. जर्मनीतील माइन्झ आणि अमेरिकेतील जेफर्सन प्रयोगशाळेत अशी मोजमापे झाली. रूढ चित्रानुसार मध्ये धन, कडेला ऋण भार दिसतो. मात्र २००७ साली गेराल्ड मिलर यांनी हीच मोजमापे वेगळ्या रीतीने मांडून ऐन केंद्रात ऋण भार दाखवला. अतिवेगवान कणाचे चित्र कोणत्या चौकटीतून पाहायचे, यावर उत्तर अवलंबून आहे.

अशी मोजमापे करणारे इलेक्ट्रॉन-यंत्र आपल्याकडे नाही, हे स्पष्ट म्हटलेले बरे. पण त्याच चुंबकत्वाचा उपयोग येथून फार दूर नसलेल्या तुर्भे येथे होत आला आहे. १९८५ साली सुरू झालेल्या ध्रुव अणुभट्टीतले न्यूट्रॉन पदार्थांवर सोडून, त्यांतील अणूंची चुंबके कशी मांडलेली आहेत, हे आपले शास्त्रज्ञ वाचतात. क्ष-किरणांना ते सहसा जमत नाही.