दादर गावचं चर्च

शिवाजी पार्कचं मैदान 1925 सालचं. महाराजांचं नाव त्याला दोन वर्षांनी मिळालं. रुळांपलीकडच्या हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी याही प्लेगनंतर, 1898 साली नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या आखणीतून उभ्या राहिल्या. त्यामुळे दादर म्हटलं की शंभर-सव्वाशे वर्षांची मध्यमवर्गीय वस्ती, असं गणित आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. हे गणित अपुरं आहे. गोखले रोड आणि एस. के. बोले रोड मिळतात त्या नाक्यावर, बसचा कंडक्टरही ज्याला 'पोर्तुगीज चर्च' म्हणतो, ते अवर लेडी ऑफ साल्वेशनचं चर्च फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी 1596 साली बांधलं. तेव्हा शहर नव्हतं. माडाच्या वाड्या, भातखाचरं आणि खाडीकाठ एवढाच हा मुलूख. इंग्रजांची एपिस्कोपल, म्हणजे अँग्लिकन चर्चं मुंबईत आली ती साहेबांच्या गरजेपोटी. 1718 साली उघडलेलं सेंट थॉमस कोटातल्या कंपनी सरकारसाठी होतं, तर कुलाब्याचं अफगाण चर्च लढाईत पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ. दादरचं चर्च मात्र खेड्याचं होतं. म्हणूनच दादर गावाच्या इतिहासाला सुरुवात करायची तर तिथून करायला हवी.

यावर पहिला आक्षेप येतो तो इमारतीचा. तिथे आज जुनं काय आहे? जुनी वास्तू पाडून 1970च्या दशकात वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी नवी बांधली. काँक्रीटची शंकूसारखी छपरं, त्यांच्या माथ्यावरून येणारा उजेड, मधूनमधून उघडी अंगणं, गरम हवा वर निघून जाईल अशी रचना आणि काचेवर एम. एफ. हुसेन यांची चित्रं. मुद्दा असा की पॅरिश म्हणजे भिंती नव्हेत. पॅरिश म्हणजे ठरलेली हद्द, त्या हद्दीतली कुटुंबं आणि त्यांची नोंदवही. सोळाव्या शतकातल्या ट्रेंट धर्मसभेनं बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदी ठेवणं पाद्र्यांना बंधनकारक केलं. देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणून देवस्थान नवं होत नाही, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. तोच न्याय इथेही लावावा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. हे चर्च परक्या सत्तेनं लादलेलं, ते गावाचं कसं? आक्षेपात तथ्य आहे, ते झाकू नये. 1534 नंतरच्या पोर्तुगीज अमलात धर्मांतराला राजसत्तेचं पाठबळ होतं. जवळच्याच प्रभादेवीच्या मूर्ती त्या काळात विहिरीत दडवल्याची परंपरा आजही सांगितली जाते. पण उगम सत्तेत असला तरी टिकून राहणं सत्तेवर अवलंबून नव्हतं, आणि पुरावा इथेच आहे. 1665 साली मुंबई बेट इंग्रजांकडे गेलं. 1720 साली इंग्रजांनी फ्रान्सिस्कन पाद्र्यांना हाकललं आणि कार्मेलाइट आणले. ज्यांच्या अमलात चर्च बांधलं गेलं ते राजे गेले, ज्यांनी चालवलं ते पाद्री गेले. राहिले ते गावकरी. पुढे गोव्याच्या आर्चबिशपचा अधिकार मानायचा की रोमनं थेट नेमलेल्या बिशपचा, या वादात मुंबईची पॅरिशं शंभर वर्षांहून अधिक काळ विभागलेली होती. 1853 साली माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये रोमनं नेमलेले बिशप हार्टमान पंधरा दिवस अडकून पडले, कारण त्यांना न जुमानणाऱ्या लोकांनी बाहेरून वेढा घातला होता. दुहेरी अधिकाराचा हा घोळ 1928 साली मिटला. निमूट आज्ञा पाळणारी रयत असा वेढा घालत नाही. आपलं देऊळ आपलं समजणारं गावच घालतं.

शिवाय ही माणसं परकी झाली नाहीत. बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन 1887 साली निघाली, आणि तेव्हापासून 'ईस्ट इंडियन' हे इंग्रजी नाव या समाजाला कायमचं चिकटलं. पण घरची बोली मराठीच राहिली. लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन 'उंबराचं पाणी' आणायची त्यांची रीत आणि बायकांचं लुगडं कोणत्याही पाद्र्यानं लिस्बनहून आणलेलं नाही. धर्म बदलला, पण गावपण तेच राहिलं. ते गावपण पुसलं असेल तर जमिनींच्या भावानं, आणि त्यात हिंदू-ख्रिस्ती असा भेद झालेला नाही.

दादरच्या इतिहासाची पुस्तकं, स्मरणिका, वॉर्डांचे नकाशे तयार करणाऱ्यांना म्हणून एक विनंती आहे. चाळी, नाट्यगृहं, सभा यांच्यासोबत पॅरिशच्या जुन्या वह्यांकडेही वळा. चर्चच्या विश्वस्तांची परवानगी घेऊन त्या वाचा, त्यांतली नावं आणि वाड्यांचे उल्लेख मराठीत उतरवून घ्या. कागदाला मुंबईचा पावसाळा मानवत नाही, तेव्हा हे काम लवकर हाती घ्या.