चेलोची एक मैफल



मैफल वादकाइतकीच श्रोत्यांचीही असते, असे आपण म्हणतो. पण श्रोतेच रुष्ट असतील तर? २१ ऑगस्ट १९६८ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये असे घडले. आदल्या रात्रीच सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले होते. इथे सोव्हिएत वाद्यवृंदासह मस्तिस्लाव रोस्त्रोपोविच चेलो वाजविणार होते, आणि रचना होती चेक संगीतकार द्वोर्झाक यांची! कार्यक्रम अर्थातच पूर्वनियोजित होता. सभागृहात निषेधाच्या घोषणा उठल्या. ध्वनिमुद्रणात त्या आजही ऐकू येतात. श्रोत्यांचा संताप रास्त होता. नेम मात्र, माझ्या मते, चुकला होता.

या रचनेत आरंभी वाद्यवृंदच वाजतो. चेलोचा प्रवेश तीनएक मिनिटांनी होतो. तोवर छातीशी वाद्य टेकवून स्वस्थ बसण्यावाचून वादकाला गत्यंतर नसते. त्या दिवशी ती मिनिटे केवढी जड गेली असतील!

मेहुणी योसेफिना हिच्या निधनानंतर, १८९५ मध्ये, द्वोर्झाक यांनी या रचनेचा शेवट बदलून तिचे आवडते गीत त्यात गुंफले. त्या शोकमग्न सुरांपाशी वादक पोहोचले तेव्हा घोषणा केव्हाच शमल्या होत्या. वादन संपले, टाळ्यांचा कडकडाट झाला. रोस्त्रोपोविच यांनी द्वोर्झाक यांची स्वरलिपी उचलली आणि सर्वांना दिसेल अशी उंच धरली.