मेंदूच्या आवरणांचा क्षय
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



क्षय म्हटला की खोकला आणि थुंकीतले रक्त डोळ्यांपुढे येते. रुग्णालयात परिचारिका म्हणून मी बरीच वर्षे काढली. तेथे पाहिलेला एक क्षय पुष्कळदा खोकतच नाही, म्हणून आज त्याविषयी बोलते. तो मेंदूच्या आवरणांना होतो.

तो चोरपावलांनी येतो. दोनतीन आठवडे डोके दुखते, कणकण असते, अन्नावरची वासना उडते, उलट्या होतात. घरची माणसे म्हणतात, पित्त असेल. मग शांत माणूस चिडू लागतो, भलतेच बोलतो. पस्तिशीतल्या एका गृहस्थांना बाधा झाली असे समजून घरच्यांनी दहा दिवस अंगारेधुपारे केले. आमच्याकडे आणले तेव्हा मान ताठ होती, एकाचे दोन दिसत होते, आणि दुसऱ्या दिवशी शुद्ध हरपली.

डॉक्टरांनी पाठीच्या कण्यातले पाणी तपासायचे ठरवले, तोच पत्नीने माझा हात धरला. "सिस्टर, पाणी काढले की माणूस पांगळा होतो ना हो?" ही भीती मी कितीदा ऐकली असेल! भगिनींनो, सुई कमरेशी टोचतात. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. पांगळेपण आणतो रोग आणि बोल लागतो सुईला. पाण्यात साखर कमी, प्रथिने व लिम्फोसाइट पेशी जास्त आढळल्या की शंका बळावते. जंतू अनेकदा सापडत नाहीत. म्हणून डॉक्टर त्यांची वाट न पाहता औषध सुरू करतात.

स्ट्रेप्टोमायसिन येण्यापूर्वी हा रोग म्हणजे बहुधा मरणच होते. आता आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड व आणखी एक अशी चार औषधे पहिले दोन महिने आणि पुढे त्यांतली काही, मिळून ९ ते १२ महिने देतात. जोडीला काही आठवडे स्टेरॉइड. व्हिएतनाममध्ये १४ वर्षांवरील ५४५ रुग्णांवर झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात डेक्सामेथासोनने मृत्यू कमी झाले. अपंगत्व मात्र विशेष घटले नाही. म्हणजे शुद्ध असतानाच औषध पोटात जाणे महत्त्वाचे.

ते गृहस्थ वाचले, पण एका डोळ्याने अधू झाले. घरी जाऊन तिसऱ्याच महिन्यात "बरे वाटते" म्हणून गोळ्या थांबवायला निघाले होते! पत्नीने ऐकले नाही. रोज समोर बसून गोळ्या घ्यायला लावल्या. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात.

चहानंतर मी येथेच बसणार आहे. कुणाला घरातल्या कुणाविषयी विचारायचे असेल तर संकोच करू नये.