बदली आणि कायम

गिरणीवर वाढलेल्या आपल्या माधवनगरास ‘बदली’ आणि ‘कायम’ यांतील फरक सांगावयास नको. १९५७ च्या नौदल कायद्याने स्त्रियांची भरती सरकारी अधिसूचनेवर सोडली. १९९१ साली काही शाखा उघडल्या. परंतु नेमणूक अल्प मुदतीची, फार तर १४ वर्षांची. निवृत्तिवेतनास हवीत २०! स्त्री-अधिकारी न्यायालयात गेल्या. रशियन बनावटीच्या जहाजांवर सोयी नाहीत, ही सबब चालली नाही. १७ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायम नेमणुकीसाठी त्यांचाही विचार झालाच पाहिजे, असे ठरविले. मुदत संपून घरी बसलेल्यांना निवृत्तिवेतन देवविले. आम्ही कामगार एवढेच सांगतो: आत घेतले म्हणजे हक्क दिला असे नव्हे, कायम करावे लागते.