अर्ज पटला पाहिजे

हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे असू द्या. आज समोरच्याला पटेल असं कसं लिहायचं, ते बोलू.

आमच्या गावातल्या मुली आठवीपासून शेजारच्या गावी हायस्कूलला जातात. शाळा सुटते पाचला आणि परतीची एसटी निघायची पावणेपाचला. मग साडेचार किलोमीटर पायी. थंडीत वाटेतच अंधार पडतो. दिवाळीनंतर दोघींना घरच्यांनी शाळेतून काढलं. त्यातली एक आमच्याच गटातल्या ताईंची. त्या दिवशी बैठकीत हप्त्यांचा विषय निघालाच नाही.

आम्ही अर्ज लिहिला. बी.ए.ला निबंध लिहून हात बसलेला. स्त्रीशिक्षण ही काळाची गरज, सावित्रीच्या लेकी अंधारात, सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा... दोन पानं भरली. वाचून दाखवला तर बायांनी टाळ्या वाजवल्या. डेपोतून उत्तर नाही. महिन्यानं तिघी जणी गेलो. साहेबांनी अर्ज काढून वाचला आणि विचारलं, "ताई, गाडी किती वाजता हवी, ते कुठे लिहिलंय?"

खरंच नव्हतं लिहिलं.

परत येताना मुक्ताबाईंची आठवण झाली. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी, वय चौदाच्या आसपास. 1855 साली मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायांचे हाल तिनं मांडले. आणि वेद फक्त आमचेच म्हणणाऱ्यांचं तेच बोलणं उचलून विचारलं, मग आमचं धर्मपुस्तक कोणतं? समोरचा काय म्हणेल हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिचं लिहिणं टोचतं. आमच्या दोन पानांत समोरचा माणूसच नव्हता.

मग दुसरा अर्ज. पहिल्याच ओळीत मागणी: पावणेपाचची गाडी सव्वापाचला सोडावी. एकच. रस्ता, थांब्याची शेड, सगळं त्यातच घाला असं काही जणी म्हणत होत्या, आम्ही ऐकलं नाही.

दोघी-दोघींनी पाळीपाळीनं पाच दिवस थांब्यावर बसून वहीत नोंद केली. गाडीत चढणारे सहा-सात, मागून चालत येणाऱ्या मुली एकतीस. 'असंख्य मुली' खोडून हा आकडा लिहिला. शाळा सोडलेल्या दोघींचं लिहिलं, पण नावं घातली नाहीत. अर्ज चार हातांतून जातो आणि पोरीचं नाव गावभर होतं.

नंतर एका ताईंना साहेब केलं आणि म्हटलं, आता नाही म्हणा. त्यांनी मजेत म्हटलं, "मुलींचे पास फुकट, एसटीला काय मिळणार?" त्याचं उत्तर लिहिलं: सवलतीचे पैसे सरकार एसटीला देतं. "आणि पावणेपाचचे प्रवासी ओरडले तर?" हे मात्र आम्हाला सुचलंच नव्हतं. त्या सहा-सात जणांना गाठलं. बाजारातून येणाऱ्या भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, अर्धा तास उशीर झाला तर उरलेली मेथी तरी खपेल. सगळ्यांच्या सह्या मिळाल्या. ग्रामसभेचा ठराव जोडला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. अर्ज एका पानात मावला. या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

गाडी आता सव्वापाचला सुटते. दोघींपैकी एक शाळेत परत आली. दुसरी आईबरोबर कापूस वेचायला जाते. तिच्या घरी आमच्या फेऱ्या चालू आहेत, तिथे अर्ज चालत नाही.

आणि शनिवारी शाळा सकाळची असते, हे लिहायला आम्ही विसरलो. त्या दिवशी पोरी भर उन्हात चालतच येतात. येत्या शनिवारी वही घेऊन कोण बसणार, ते उद्याच्या बैठकीत ठरवतोय.